पापणीआडचा रंग

ललितपूर मागे पडले आणि समोरच्या बाकावरच्या पोराने माझ्या पत्रकाचा कोपरा तोडून तोंडात घातला.

पोर दीडेक वर्षाचे असेल. अंगात एक मळके झबले, पायात काळा दोरा, वाहते नाक, आणि एका हातात गुळाने माखलेला रोटीचा तुकडा. दुसरा हात रिकामा होता म्हणून त्याने माझा कागद ओढला. मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत कोपरा पोटात गेलाही. त्याची आजी पदर तोंडाला लावून खदखदून हसली. "बाबूजी, तुमाओ ग्यान तो ऊके पेट में चलो गओ!" (तुमचे ज्ञान तर त्याच्या पोटात गेले!) सगळा डबा हसला. मीही हसलो. पत्रकाचा मथळा होता, 'नवस म्हणजे भीतीचा व्यापार'. मीच लिहिलेले, वडिलांच्या पुण्यातल्या लहानशा छापखान्यात छापलेले. आमच्या घरात मुले अंकलिपीच्या आधी पत्रके वाचायला शिकली. प्रवासाला निघताना माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रके जास्त होती.

आणि निघालो होतो तो मात्र एका नवसाच्याच कामावर.

माझी थोरली बहीण, अक्का, झाशीला दिलेली. तिच्या सासरची माणसे मूळची साताऱ्याकडची. कोणे एके काळी मराठ्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आली आणि तिथलीच झाली. कुलदैवत मात्र मागे राहिले, पालीचा खंडोबा. अक्काच्या मुलाचे उष्टावण (बाळाला अन्नाचा पहिला घास भरवण्याचा विधी) पालीला, देवाच्या पायरीवरच करायचे असे तिच्या सासूबाई बोलल्या होत्या. घास मामाने भरवायचा. निघायचे ठरले की काहीतरी आडवे येई. एकदा अक्काला ताप, एकदा भाऊबंदांतले सुतक, एकदा पाऊस. आता दाजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, कचेरीतून रजा मिळेना. म्हणून मायलेकरांना पालीला नेण्याचे काम माझ्याकडे आले. नवसावर माझा विश्वास नाही, पण बहिणीवर आहे.

भाच्याला, खंडूला, मी अजून पाहिलेही नव्हते. उष्टावण लांबले हे ठाऊक होते, पण त्याची मला काळजी वाटली नाही. आमच्याकडेही विधी लांबतात. तोवर गुरगुट्या भात, वरणाचे पाणी पोराला कोणी ना कोणी चाटवतेच. झाशीतही तसेच असणार, असे मी धरून चाललो होतो.

बेतवेचा पूल आला. खाली हिरवट पाणी आणि हत्ती बसावेत तसे काळे दगड. पुढे सगळी जमीनच दगडांची. मधूनच ज्वारीची धसकटे, खैराची झुडपे, एखादे तळे. पौषातला वारा खिडकीच्या फटीतून सुरीसारखा येत होता. त्या पोराची आई उतरायच्या तयारीला लागली, तर पोराने हातातली रोटी माझ्या मांडीवर फेकली आणि कोणीतरी ती परत द्यावी म्हणून डबा डोक्यावर घेतला. एवढ्याशा जिवात केवढा आवाज! मी कानांवर हात ठेवले. पुढच्या दिवसांत तो आवाज मला कितीदा आठवणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

झाशीच्या स्टेशनाबाहेर थंडीने टांग्यांचे घोडे वाफ सोडत उभे होते. बड़ा बाज़ारला जायचे सांगून मी घराची खूण दिली. टांगेवाला म्हणाला, "अच्छा, दक्खिनी साहब के यहाँ!" (इकडे आपल्या लोकांना दक्खिनी म्हणतात.) "आप उनके कौन?"

"मुलाचा मामा."

"तब तो मुबारक हो! उनका लल्ला पूरे मुहल्ले में मशहूर है, बाबूजी. अंग्रेज का बच्चा लगता है, एकदम सफेद."

मला बरे वाटले, हे लिहायला हवे. आम्ही सगळी भावंडे काळीसावळी. भाचा गोरा निघाला म्हणून मी मनात सुखावलो आणि टेकडीवरचा किल्ला बघत बसलो.

बड़ा बाज़ारात टांगा पुढे जाईना. गजकाच्या (तीळ-गुळाची कुरकुरीत वडी) परातींतून तिळाचा वास येत होता, गुळाच्या ढेपांवर माश्या होत्या, लाखेच्या बांगड्यांपाशी बायकांची दाटी होती, आणि जिकडे तिकडे बथुआच्या (चाकवतासारखी पालेभाजी) हिरव्यागार जुड्या. अक्काचे बिऱ्हाड एका गल्लीत, ठठेऱ्याच्या (तांबटाच्या) दुकानावर. खाली दिवसभर हातोडे चालतात. जिना चढताना पहिला ठोका पडला तेव्हा मी इतका दचकलो की ट्रंक हातातून सुटून दोन पायऱ्या खाली गेली.

"आला गं बाई, पत्रकं सांडत आला!" वरून अक्का हसली. दाजींनी खाली येऊन ट्रंक उचलली. "या, या, भैया. अजून क्रांती झाली नाही ना? मग आधी चहा घेऊ."

अक्काला पाहून मी क्षणभर थांबलो. चार जिने चढल्यासारखी ती धापा टाकत होती, आणि ती तर जागची हललीही नव्हती.

सासूबाईंना सगळे माई म्हणतात. उंच, ताठ बाई. आवाजात फौजेचा अंश अजून शिल्लक. त्या म्हणाल्या, "दत्ताजी, बसा जी. पहिले भाचा बघा. ओटीत घ्या."

खंडू खिडकीपाशी बसला होता. खरेच गोरा होता, पिठासारखा. कपाळावर गालबोटाचा काळा ठिपका, त्यामुळे गोरेपणा आणखीच उठून दिसत होता. खिडकीतले ऊन त्याच्या मागून येत होते, आणि कानांच्या पाळ्या... आपण हाताचे बोट दिव्यापुढे धरले तर ते लाल दिसते. त्याच्या कानांतून ऊन आरपार येत होते, पण लाली नव्हती. मेणासारखा पिवळट उजेड नुसता.

खाली हातोडा पडला. मी पुन्हा दचकलो. खंडू दचकला नाही.

मी त्याला उचलले. तो रडला नाही, हसला नाही, माझी मिशीही ओढली नाही. मान माझ्या खांद्यावर टाकून पडून राहिला. माझ्या हाताखाली त्याची छाती पकडलेल्या चिमणीसारखी धडधडत होती.

"किती शहाणा आहे बघा," माई कौतुकाने म्हणाल्या. "कुणाकडेही जातो. कधी रडत नाही."

डब्यातले ते शेंबडे पोर माझ्या डोळ्यांपुढे आले.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, बथुआचे गरगटे, चिंचगुळाची आमटी, आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेली महेरी (ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या). खंडूला दाजींच्या शेजारी बसवले होते. त्याने हात लांब केला, भाकरीकडे. अक्काने त्याची मूठ हळूच मिटली, ओठांशी नेऊन मुका घेतला, आणि दुधाचे बोंडले तोंडाला लावले. हे तिने इतक्या सरावाने केले की कोणाचे लक्षही गेले नाही.

"थोडी कुस्करून दे की," मी म्हणालो.

"उष्टावण व्हायचंय ना अजून."

"म्हणजे अजून काहीच नाही? भात? वरणाचं पाणी?"

"दाणा नाही लावला तोंडाला," माई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "शेजारची रामकली लाडाने लाही भरवायला गेली होती. तोंडातून बोट घालून काढली मी. देवाचा शब्द आहे, दत्ताजी."

पावसाळ्यानंतर अक्काला आणि खंडूला, दोघांनाही जूडी (हिवताप) आली होती. तेव्हा अक्काचे दूध आटले. तेव्हापासून खंडू बकरीच्या दुधावर. दीड वर्षाचे मूल आणि नुसते दूध.

जेवण झाल्यावर खंडू रांगत भिंतीशी गेला. इकडे भिंतींना छुई (पांढरी माती) देतात. तो भिंतीला बिलगला आणि चाटू लागला. मी जवळ जाऊन पाहिले. त्याच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीत एक गुळगुळीत खळगा पडला होता, खालचा चिखल दिसेपर्यंत. एवढ्याशा जिभेने महिनोन्महिने चाटून पाडलेला.

मी तिथेच भांडायला उभा राहिलो. नवसापायी तुम्ही पोर उपाशी ठेवले, देवाला दाणा मोजता आणि लेकराची भूक मोजता येत नाही, असे सगळे बोललो. पत्रकातली वाक्येच्या वाक्ये तोंडातून येत होती. अक्का आत गेली. माई मात्र जागेवरून हलल्या नाहीत.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "आता ऐका. याच्या आधी दोन झाली तुमच्या अक्काला. तुम्ही पाळण्यातली बघितली असतील. दोघांचं उष्टावण याच घरात केलं, हौसेनं, चांदीच्या वाटीत. मुलगी पुढच्या पावसाळ्यात गेली. मुलगा तर महिनाभरात. मी देवाला विचारलं, माझं काय चुकलं? तुझ्या पायाशी न येता इथंच उरकलं, हेच ना? म्हणून बोलले. तुमच्या कागदात यावर काय लिहिलंय?"

कागदात यावर काही लिहिलेले नव्हते. भीतीचा व्यापार करणाऱ्यांवर मी लिहिले होते. इथे कोणी काही विकत नव्हते. इथे एक बाई नातवाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि ज्या कड्याला ती भीत होती त्याच्याच दिशेने मागे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मेलने निघायचे होते. ट्रंका बांधून झाल्या होत्या. मी दाजींना बाजूला घेऊन म्हटले, निघण्यापूर्वी एकदा डॉक्टरला दाखवू. ते लगेच हो म्हणाले. मला वाटते, ते कोणीतरी असे म्हणण्याचीच वाट पाहत होते. सकाळी खंडूला शालीत गुंडाळून आम्ही बाजारातून निघालो. दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवी. "हाय, कित्तो गोरो मोड़ा!" (किती गोरा मुलगा!) एका बाईने त्याच्यावरून बोटे मोडली. मला ओरडावेसे वाटत होते.

डॉक्टर म्हातारे, गळ्याला मफलर, बोलणे तुटक. त्यांनी आधी मुलाला उन्हाकडे वळवले आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली.

"देखिए," ते दाजींना म्हणाले. मग स्वतःची पापणी ओढून दाखवली. आत लाल होते. खंडूच्या पापणीआड रंगच नव्हता. कोरा कागद.

"ये गोरापन नहीं है, साहब. खून नहीं है."

दाजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, डाव्या बरगडीखाली बोटे थांबवली. जूडीने प्लीहा वाढली होती. मग ते एकेक विचारत गेले. काय खातो? दूध. कुणाचं? कब से? माती खातो? उघड्या पायांनी परसात जातो? आई कशी आहे, हा पोटात असताना तिला धाप लागायची का? आधीच्या बाळंतपणाला किती काळ झाला होता? दाजी उत्तरे देत होते आणि प्रत्येक उत्तराने त्यांचा आवाज खाली जात होता. मला वाटले होते, शत्रू एक आहे, तो नवस, आणि मी त्याच्याशी लढायला आलो आहे. पण घराला दार एकच नव्हते. आईच्याच अंगात रक्त नाही, ती पोराला कुठून देणार? दुधात लोह जवळजवळ नसते. बकरीच्या दुधात रक्ताला लागणारे आणखीही काही कमी असते. राहिलेले जूडीने खाल्ले. शरीर काहीतरी मागते म्हणून पोर भिंत चाटते, आणि माती होते-नव्हते तेही अंगी लागू देत नाही. परसातल्या ओल्या जमिनीतून पायांवाटे जंत शिरतात ते वेगळेच.

"आधीची दोन गेली ती..." दाजींनी विचारले.

"मी पाहिली नव्हती," डॉक्टर म्हणाले. "पण तीही गोरीच होती का?"

दाजींनी होकाराची मान हलवली.

उपाय त्यांनी साधे सांगितले. लोहाचे औषध, क्विनीन, आणि अन्न. पातळ डाळ-भात, भाज्यांचे पाणी, आणि तुम्ही मांसाहारी असाल तर कलेजीचा रस्सा. "बकरी का दूध कम कीजिए, बकरी की कलेजी शुरू कीजिए." तेवढ्यात त्यांना स्वतःच हसू आले. पालीच्या प्रवासाचे मी बोललो तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. "या थंडीत? दोन दिवस गाडीत? याचं हृदय बसल्या जागी पळतंय. वाटेत ताप भरला तर मला तार करू नका. काही उपयोग होणार नाही."

परतताना मला पालीच्या वाटेवरचा इटारसीचा फलाट दिसत होता. गर्दी, चहावाल्यांच्या आरोळ्या, आणि बाकावर अक्का, मांडीवर शालीचे गाठोडे घेऊन. मी ते चित्र पुसत होतो आणि ते पुन्हा उमटत होते.

घरी आल्यावर मी एकच गोष्ट केली. अक्काला खिडकीत नेले, तिची पापणी ओढून पाहिली. मग तिची नखे पाहिली. पांढरी, मधे खोलगट.

"तू कधी जेवतेस गं?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"काय उरतं?"

"उरतं काहीतरी," ती म्हणाली. मग एकदम माझा हात धरला. "दत्त्या, नेलं तर गाडीत जाईल, नाही नेलं तर देव नेईल. मला काही कळत नाही रे. तू ठरव. तू शिकलायस ना? ठरव."

आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. छापलेल्या कागदावर ठरवणे सोपे असते.

माई देवघरापाशी बसल्या होत्या. दाजींनी त्यांना डॉक्टरांचे सगळे सांगितले होते. पुढे खंडोबाचा चांदीचा टाक (देवाची मुद्रा उठवलेला पत्रा) होता, भंडाऱ्याने पिवळा झालेला. मी समोर बसलो. या वेळी भांडलो नाही. नुसते विचारले, "माई, हा टाक कुठून आला?"

"फौजेबरोबर. खोगिरात बांधून आणला आमच्या मूळपुरुषानं."

"मग देव इथंच आहे की."

"तेवढं मलाही कळतं, दत्ताजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बोलले मी पालीच्या पायरीचं. याच्यासाठी मी दाणा राखला. तो राखलेला दाणा आज असाच सोडून दिला, आणि उद्या याला काही झालं, तर ही पोरगी जन्मभर म्हणेल की सासूनं नवस मोडला. मी म्हणेन, सुनेच्या भावानं मोडला. या घरात मग माणसं राहायची नाहीत."

त्यांनी टाकावरचा भंडारा बोटाने सारखा केला.

"दाणा कुणीतरी राखला पाहिजे," माई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "घास मामाचा ना? मग मामानं राखावा. हा जेवू दे. तुम्ही जेवू नका. हा बरा होऊन पालीच्या पायरीवर पोचेपर्यंत तुमच्या तोंडात धान्य नाही. दूध, फळं, काय ते घ्या. आणि पायरीवर हा स्वतःच्या हातानं तुम्हाला पहिला घास भरवील. कबूल?"

मी नवसाविरुद्ध लिहिणारा माणूस. माझ्या मनात पहिला विचार आला तो फसवणुकीचाच: हो म्हणावे, पुण्यात कोण बघते?

"पुण्यात कोण बघतंय, असंच ना?" माई म्हणाल्या. "मी नाही बघणार. देव बघतो की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तुमची अक्का रोज घास भरवताना विचार करील, दत्त्यानं राखलं असेल ना? तिची भीती तुमच्या पोटावर ठेवतेय मी."

मी भंडारा हातात घेतला. "कबूल," म्हणालो.

त्याच दिवशी ट्रंका सोडल्या आणि टाकापुढे उष्टावण झाले. मऊ डाळ-भात, वर तूप. खंडूला मांडीवर घेऊन मी पहिला घास त्याच्या ओठांत ठेवला. त्याला तो कसा खायचा हेच कळेना. जिभेने बाहेर ढकलला. मी पुन्हा ठेवला. तो तोंडात घोळवत राहिला, ठसकला, आणि सगळे एकदम उठले. मग गिळला. माझ्याकडे बघितले, आणि तोंड उघडले.

अक्का रडत होती. मी तिला म्हटले, "तूही बस. आत्ता. आमच्या आधी." माईंनी तिचे पान वाढले.

तिसऱ्या दुपारी खंडू थंडीने कुडकुडू लागला. ओठ निळसर, दात एकमेकांवर आपटत होते. मग अंग तव्यासारखे तापले. माई दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी ओळखले. मुलगा महिनाभरात गेला होता. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. मी डॉक्टरांकडे धावलो. ते आले, म्हणाले, जूडी आहे, जुनीच उलटली आहे, क्विनीनची मात्रा वाढवा. मी त्यांना विचारले, "वाचेल?" ते म्हणाले, "आज मत पूछिए."

डॉक्टर गेल्यावर मी देवापुढे बसलो नाही, पण देवघराच्या दारातून हललोही नाही. शास्त्र आणि देव, दोघांच्याही दारात मी होतो, आणि दोन्हीकडून उत्तर येत नव्हते. मी विचार करत होतो, सकाळी मी जे शेंगदाणे खाल्ले, ते धान्य तर नव्हे? हा विचार माझाच होता. त्याची मला लाज वाटली, आणि तरीही मी उरलेले शेंगदाणे चिमण्यांना टाकले. सांजेला खंडूला घाम फुटून ताप उतरला.

मी परत जायचे लांबवत राहिलो. औषधाने त्याचे दात काळे झाले, रामकली हळहळली, "हाय दैया, मोड़ा खों का पिया रए?" (मुलाला काय पाजताय हे?) अक्काने भिंतीतल्या खळग्यापुढे पाट उभा केला. आधी खंडू तो पाट ओरबाडायचा. मग एक दिवस त्याच्याकडे न बघता पुढे रांगत गेला. कलेजीचा रस्सा शिजला की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसे, आणि मी केळे सोलत त्याच्याशेजारी. दाजी म्हणत, "एक जेवतोय, एक बघतोय. मामा-भाचे शोभतात."

आणि मग एका सकाळी खाली ठठेऱ्याने मोठ्या हंड्यावर पहिला ठोका घातला, आणि खंडू दचकला. ओठ काढले, चेहरा वेडावाकडा केला, आणि असा रडला की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. माई ओल्या हातांनी पूजा टाकून धावत आल्या. "रडला! अगं, रडला!" अक्का त्याला गप्प करायला गेली, तर माई म्हणाल्या, "असू दे. रडू दे त्याला थोडा."

डॉक्टरांनी पापणी ओढली तेव्हा आत अगदी फिकट गुलाबी रंग होता. असला तर असला, नसला तर नसला, इतका. "रास्ता लंबा है," ते म्हणाले. "गाफील मत रहिए." प्रवास उन्हाळा लागायच्या आधी, आणि तोही त्यांनी हो म्हटले तरच.

स्टेशनवर खंडूने माझी मिशी धरून ओढली. डोळ्यांत पाणी आले माझ्या, ते त्यामुळेच असे मी दाजींना सांगितले.

परतीचा प्रवास पोटाचा प्रवास होता. बीन्याला पुऱ्यांचा वास, खांडव्याला कचोऱ्यांचा. भुसावळला एका बाईंनी गाठोडे सोडून भाकरी आणि ठेचा पुढे केला. "घ्या की, दादा."

"नको. उपास आहे."

"आज कसला उपास?"

"भाच्याचा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि गाठोडे बांधले.

घरी आलो. वडिलांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायची होती." मी म्हणालो, काढू, पण आधी दुसरे एक लिहायचे आहे. त्यात शिव्या नसतील. त्यात एवढेच असेल की आज संध्याकाळी घरातले मूल उजेडाकडे वळवा आणि पापणी ओढून बघा. मग त्याच्या आईची बघा. गोरे म्हणून ज्याच्यावरून बोटे मोडता, त्याच्या पापणीआड आधी बघा.

माझी मते बदललेली नाहीत. पण भीती आता माझ्या घरात आली आहे, हे खरे. झाशीहून दाजींचे पत्र आले की ते फोडण्यापूर्वी मी जरा बसून घेतो.

काल आईने पहिल्यांदा विसरून माझे ताट वाढले. गरम ज्वारीची भाकरी होती. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो पाहिला, तसाच लांब झालेला, आणि अक्का करायची तशी मूठ हळूच मिटली. खंडूचा घास पालीच्या पायरीवर आहे. तो चालत यायला हवा आणि मला भरवायला हवा. तोवर मला भूक लागत राहो.